'व्यवधान' म्हणजे नक्की काय?

खडूफळा: रेल्वेच्या एका माहितीपत्रकाचा अनुवाद करतोय. आशय असा, की सगळी माहिती केबिनमधल्या एकाच डिस्प्लेवर आणली की चालकाचं डिस्ट्रॅक्शन घटतं. मी 'चालकापुढील व्यवधाने कमी होतात' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी खोडलं. म्हणे व्यवधान म्हणजे मागे लागलेली कामं. कोणाचं बरोबर?

मुक्ताक्षर: बाईंचं! आमची आजी 'मला हजार व्यवधानं' म्हणायची ती कामांबद्दलच.

पाणिनीचा शेजारी: संस्कृतात व्यवधान म्हणजे मध्ये आलेली वस्तू, आडपडदा. म्हणजे चालक आणि रूळ यांच्यामध्ये आणून बसवलेला स्क्रीन हेच मुळात व्यवधान. तुमचं वाक्य स्वतःलाच खोडतंय की!

रुळावरचा: गंमत सोडा, मुद्दा खरा आहे. ताशी २०० किमीच्या वर बाहेरचे सिग्नल वाचण्याचा भरवसा नाही, म्हणून जपानच्या शिंकान्सेन बुलेट ट्रेनमध्ये १९६४ पासूनच सिग्नल केबिनमध्ये दिसतो. युरोपातल्या ईटीसीएस या गाडी-नियंत्रण यंत्रणेच्या डिस्प्लेवर डाव्या कडेला उरलेल्या अंतराची पट्टी, तिला लागून वेगाची तबकडी, उजवीकडे पुढचे चढउतार. वेग मर्यादेबाहेर गेला की काटा नारिंगी, यंत्रणेनेच ब्रेक लावला की लाल. सोय उत्तम, पण नजर खाली गेली की समोरचा रूळ सुटतो. वेग काचेवरच उमटवायची कल्पना त्यातूनच आली.

मुक्ताक्षर: मग सरळ 'चालकाचा डोळा डिस्प्लेला लागतो' लिहा.

खडूफळा: डोळा लागला म्हणजे झोपला हो तो!

शुद्धलेखणी: मुळात 'डिस्प्ले' कशाला? 'दर्शक' आहे ना.

मुक्ताक्षर: टीव्हीवाल्यांनी दर्शक म्हणजे बघणारे करून ठेवलेत. 'चालक दर्शकाकडे बघतो', म्हणजे नक्की कोण कोणाला बघतंय?

रुळावरचा: मूळ प्रश्नाचं सांगतो. मोबाइल वाजला की लक्ष उडतं, ते वेगळं. केबिनमध्ये कामाच्याच गोष्टी एकमेकींशी भांडतात: इथे दिवा, तिथे घंटी, मध्येच रेडिओवर सूचना. तिथे लक्ष उडत नाही, वाटलं जातं. म्हणजे आजींची हजार व्यवधानंच. बाईंचा अर्थ धरूनही तुमचं वाक्य टिकतं.

पाणिनीचा शेजारी: टिकेल, पण वाचणाऱ्याला वाटेल डिस्प्ले आल्यापासून चालकाला काम उरलं नाही. 'अवधानभंग' करा.

मुक्ताक्षर: तपोभंगासारखं वाटतं. पुढे अप्सरा येणार का?

शुद्धलेखणी: हसा. 'केबिन'लाही 'चालककक्ष' आहे, कोणी वापरत नाही.

खडूफळा: 'चालककक्षातील' घाईत तीनदा म्हणून दाखवा, मग घालतो.