‘कुंडी’ की ‘उच्छ्वास’? बऱ्हाणपूरच्या भुयारी पाण्यासाठी शब्द हवेत

रामबाग, इंदूर
आमचा छोटा गट बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याचं त्रिमितीय मॉडेल करतोय. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी जमिनीखालून, नुसत्या उतारावर शहरात आणायची ही व्यवस्था. 1615 च्या सुमारास, मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखानाच्या काळातली. हिंदी मजकूर झालाय, मराठीत दोन ठिकाणी अडलोय. वरून भुयारापर्यंत जाणाऱ्या, ओळीनं खणलेल्या विहिरींना मी ‘उच्छ्वास’ लिहिलं आणि या सगळ्या कामाला ‘डिजिटल पुनर्रचना’. चालेल का?

लोकमान्यनगर
‘उच्छ्वास’ पुण्याचा. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचं पाणी शनिवारवाड्यापर्यंत नेलं, त्या नळावरचे हे उभे मनोरे. नळात कोंडलेली हवा त्यातून बाहेर पडते. आत घेतो तो श्वास, बाहेर सोडतो तो उच्छ्वास. तिथे शब्द अगदी नेमका बसलाय.

बऱ्हाणपूरची गोष्ट वेगळी. भुयार खणताना माती याच विहिरींतून वर आली, खाली काम करणाऱ्याला हवा इथूनच मिळाली, पुढे गाळ काढायला उतरायची वाट हीच आणि पोहरा सोडून पाणी शेंदायची जागाही हीच. एवढ्या कामांतलं एकच काम ‘उच्छ्वास’ सांगतो. तिथले लोक ‘कुंडी’ म्हणतात, तेच ठेवा.

रामबाग
काका, पटतंय. पण ‘कुंडी’ म्हटलं की मराठी माणसाला गुलाबाची कुंडी दिसते. आमच्या घरातल्या, हिंदी शाळेत जाणाऱ्या मुलांना तर दाराची कडी! आणि ‘भंडारा’ म्हणजे इंदुरात एक तर खंडोबाची हळद, नाहीतर जेवणाची पंगत.

लोकमान्यनगर
म्हणून शब्द टाकायचा नसतो, समजावायचा असतो. कुंड मोठं, कुंडी लहान. ‘भंडारा’ इथे भांडाराच्या अर्थानं, पाण्याचा साठा. पहिल्यांदा येईल तिथे ‘कुंडी, म्हणजे भुयारावरची उभी विहीर’ असं लिहा, पुढे नुसतं कुंडी. ‘खूनी भंडारा’ हे नावही लोकांच्या तोंडी आहे, तेही एकदा नोंदवा. शोधणारा त्याच नावानं शोधेल.

सुदामानगर
दोन शब्द मात्र कटाक्षानं टाळा. एक ‘नहर’. औरंगाबादेत मलिक अंबरची नहर-ए-अंबरी जमिनीखालून जाते, तिथे कुणाचा घोटाळा होत नाही. आपल्याकडे नहर म्हणजे उघडा कालवा. दुसरा ‘कनात’. इराणात या व्यवस्थेचं नाव तेच, पण मराठी वाचकाला कनात म्हणजे तंबूभोवतीची कापडी भिंत. बीदरचे लोक ‘सुरंग बावी’ म्हणतात, किती सरळ! भुयार आणि विहीर, दोन्ही त्यात आलं.

‘पुनर्रचना’ मलाही खटकतंय. 1956 ला राज्य पुनर्रचना झाली तेव्हा होतं तेच वेगळ्या तऱ्हेनं जुळवलं. तुम्हाला तर प्रत्येक दगड होता तिथेच दाखवायचाय. ‘संगणकीय प्रतिकृती’ म्हणा.

रामबाग
ताई, प्रतिकृती म्हणजे जसंच्या तसं ना? भुयाराच्या भिंतींवर चुन्याचे थर चढलेत. आज आतली रुंदी मोजता येते ती थरांसकट. मूळ रुंदी आम्ही तर्कानं धरणार. काही भाग ढासळलेला, तिथेही तर्कच. हे प्रतिकृतीत कसं बसवू?

सुदामानगर
हे विचारलंत ते फार बरं झालं. तो भाग वेगळ्या रंगात दाखवा आणि नावही वेगळं द्या. ‘काल्पनिक’ मुळीच नको, मनानं रचल्यासारखं वाटतं. ‘अनुमानित’ अचूक आहे, थोडं जड आहे.

रामबाग
मग असं केलं: ‘मोजलेला भाग’ आणि ‘अंदाजानं भरलेला भाग’. शाळेतल्या पोरालाही कळेल. शीर्षकात संगणकीय प्रतिकृती, विहिरींना कुंडी. खालच्या वाटेला ‘बोगदा’ लिहिलं होतं, पण ते वाचून पाताळपाणी घाटातली रेल्वे डोळ्यांपुढे येते. ‘भुयार’च ठेवतेय.