मदत हवी आहे: पलटणीच्या जुन्या रेशमी निशाणाची ओळख आणि जतन

नमस्कार. मी पुण्यात राहतो आणि जुनी लष्करी निशाणे जमवतो. मंगळवार पेठेतील जुन्या बाजारातून नुकतेच एक हिरवे रेशमी निशाण माझ्याकडे आले असून, त्याच्या मधोमध जरीने भरलेला बिगुल आणि त्यावर मुकुट आहे.

मुकुटामुळे ते 1950 पूर्वीचे असावे आणि बिगुलामुळे लाइट इन्फंट्रीचे (हलक्या पायदळाचे), असा माझा अंदाज आहे. मात्र पायदळाच्या अधिकृत निशाणाचे माप साधारण 45 बाय 36 इंच असते, तर हे जेमतेम हातभर आहे. शिवाय राजाची निशाणे (ब्रिटिश राजाच्या नावाने पलटणींना दिलेली अधिकृत निशाणे) 1950 मध्ये देहरादूनच्या लष्करी अकादमीतील चेटवुड हॉलमध्ये समारंभपूर्वक ठेवण्यात आली, त्यामुळे हे तुतारीला किंवा बॅगपाइपला लावायचे निशाण असण्याचीच शक्यता मला अधिक वाटते. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडची अशी निशाणे कोणी जवळून पाहिली आहेत का?

खरी काळजी कापडाची आहे. घडीच्या रेषांवर रेशीम उभे चिरले आहे, झालरीचा एक गोंडा नुसत्या दोऱ्यावर लोंबतो आहे आणि जरीची तार काळवंडली आहे. धुणे, इस्त्री करणे किंवा भिंतीवर टांगणे मी कटाक्षाने टाळले असून, सध्या ते आम्लमुक्त कागदावर सपाट पसरून अंधाऱ्या कपाटात ठेवले आहे. चिरलेल्या रेशमाला बारीक जाळीचा आधार देऊन हाताने टाके घालणारे जाणकार पुण्यात किंवा मुंबईत कोणाच्या माहितीत असल्यास कृपया कळवावे.

तसेच, निशाण शंभर वर्षांहून जुने ठरल्यास 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली त्याची नोंदणी करावी लागेल का, याविषयी अनुभवी संग्राहकांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.