बेटर कॉल सॉल : जिमीचा सॉल नेमका कुठे होतो? (दुसरा सीझन चालू आहे, पुढचं फोडू नका)

तापीकाठ, भुसावळ

राम राम मंडळी. ब्रेकिंग बॅडचे ६२ भाग झाले, आता त्यातल्या सॉल वकिलाची आधीची गोष्ट, म्हणजे प्रीक्वेल, बेटर कॉल सॉल लावलंय. यात तो अजून जिमी नावाचा वकील आहे. दर रविवारी जेवणं आटोपली की तिघं मिळून दोन भाग बघतो. दुसऱ्या सीझनचा चौथा भाग झाला, पण सॉल काही अजून येत नाही. जिमी म्हाताऱ्यांच्या जादा बिलांच्या दाव्यात अडकलाय आणि माजी पोलीस माइकची गोष्ट भलतीकडेच चाललीय. दोघांचं म्हणणं, मधले भाग गाळू आणि थेट सॉलपाशी जाऊ. तर तीन गोष्टी विचारायच्या आहेत. भाग गाळले तर चालेल का? माणूस बदलतोय हे बघायचं तर डोळा कशावर ठेवायचा? आणि जिमीच्या एका टीव्ही जाहिरातीवरून त्याच्या फर्मच्या वकिलांनी एवढा गहजब का केला? इकडे उन्हाळ्यात लाइट जाते, म्हणून डाउनलोड करून ठेवायचाही विचार आहे. त्याबद्दलही सांगा.

पांझरा_धुळे

भाऊ, काबर घाई करी ऱ्हायनात? एकही भाग गाळू नका. एकूण ६३ भाग आहेत, पहिल्या पाच सीझनमध्ये दहा-दहा आणि सहाव्यात तेरा. रविवारी दोन धरले तर ३२ रविवार. गाळून सॉलपाशी पोचाल, पण पोचल्यावर तो तुम्हाला ब्रेकिंग बॅडमधलाच वाटेल आणि सगळा खटाटोप फुकट जाईल.

"सॉल कधी येतो" असं विचारलं की पहिला सीझन रिकामा वाटतो. त्यापेक्षा दर भागानंतर एवढंच बघा : सरळ वाट समोर असताना जिमीनं वाकडी कुठे धरली, आणि त्याचा फायदा कुणाला झाला? पहिल्या सीझनमधली केटलमन नवरा-बायकोनं लांबवलेली रक्कम आठवा, सुमारे १६ लाख डॉलर. ती जिमी परत करायला लावतो. वाकडेपणा तिथेही आहे, पण ते पैसे तो स्वतःसाठी ठेवत नाही. नंतर सीझनच्या अगदी शेवटी गाडीत बसल्या बसल्या माइकला विचारतो की आपण ते पैसे का सोडले, आणि ज्यानं मला तेव्हा अडवलं ते पुन्हा अडवणार नाही असं सांगून निघून जातो. तो शेवट पुन्हा लावा. नाव बदलायला अजून अवकाश आहे, पण ठरलंय ते तिथे. त्याच्या आदल्या, म्हणजे नवव्या भागात त्याचा वकील भाऊ चक त्याला वकील मानत नाही हे उघड झालेलं असतं. आठवा भाग बघून नववा गाळणारे लोक इथेच चुकतात. मग दुसऱ्या सीझनमधला जिमी त्यांना नुसता उनाड वाटतो.

वस्तूंवरही लक्ष असू द्या. त्याच्या वकील मैत्रिणीनं, किमनं, दिलेला कॉफीचा मग कंपनीच्या नव्या गाडीच्या कपहोल्डरमध्ये बसत नाही, हे तुम्ही पाहिलंय. मग आणि गाडी, दोन्ही डोळ्याआड होऊ देऊ नका. जुनी पिवळी सुझुकी आणि तिचा वेगळ्या रंगाचा दरवाजासुद्धा. सूटचे रंगही भागागणिक बघा.

सनदवाला, जळगाव

जाहिरातीचं सांगतो, कारण आपल्याकडच्या प्रेक्षकाची गल्लत हमखास तिथेच होते. आपल्याकडे बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नं वकिलाला जाहिरात करताच येत नाही. त्यामुळे जिमीनं बेकायदा काही केलं असं आपण धरून चालतो. अमेरिकेत १९७७ च्या बेट्स खटल्यात सुप्रीम कोर्टानं वकिलांच्या जाहिरातीला वाट मोकळी करून दिली. म्हणजे जाहिरात हा गुन्हा नव्हे. जिमीची चूक अशी की फर्मच्या भागीदारांना न दाखवता त्यानं ती चालवली. किमला ते आधी माहीत होतं असं तिच्या फर्मनं धरलं, म्हणून तिची रवानगी कागदपत्रं तपासायच्या कामाला झाली. चौथ्या भागात किंमत तिनं मोजली. हे एवढं ध्यानात ठेवा, पुढे फार उपयोगी पडेल.

दुसरी बाब त्याच्या आधीच्या भागातली. टेक्सासमध्ये म्हाताऱ्यांच्या बसमध्ये चढून जिमी त्या दाव्यासाठी सह्या घेतो. जाहिरात पाहून पक्षकारानं स्वतः येणं वेगळं, आणि आपण तोंडावर जाऊन त्याला गाठणं वेगळं. तिकडे हे दुसरं नियमात बसत नाही. बैठकीत चक नेमकं त्याच्यावर बोट ठेवतो. तो द्वेषानं बोलतो खरं, पण कायद्यानं बरोबर बोलतो. चकला निव्वळ खलनायक धरलंत तर दोन भावांची अर्धी गोष्ट हातातून गेली.

सबटायटल वाचताना काही शब्द मनाशी मराठीत करून घ्या. क्लास अॅक्शन म्हणजे अनेकांचा मिळून एक दावा. सस्पेन्शन म्हणजे ठरावीक मुदतीसाठी सनद निलंबित. डिसबार म्हणजे सनदच गेली. प्ली डील म्हणजे गुन्हा कबूल करून शिक्षेत सूट घेणं. तिसऱ्या सीझनमध्ये सस्पेन्शन आणि डिसबार यांच्यातला फरक कळला नाही तर सुनावणीचा पाचवा भाग नुसता आरडाओरडा वाटतो. आणि दुसऱ्या सीझनच्या आठव्या भागात झेरॉक्सच्या दुकानातलं काम नीट बघा. पत्त्यातले दोन आकडे, बस्स. कात्री, चिकटपट्टी, झेरॉक्स, सगळं हातानं केलेलं.

केळीवाला, सावदा

कंटाळा येतो म्हणता, ते माइकमुळे येत असेल. तो बोलत नाही, म्हणून त्याचे हात बघायचे. तिसऱ्या सीझनच्या पहिल्या भागात तो गाडीचा एकेक भाग सुटा करतो, एका वस्तूची बॅटरी रेडिओ लावून मुद्दाम संपवतो आणि वाट बघत बसतो. संवाद जवळजवळ नाहीत. तेवढा वेळ मोबाइल हातात घेतलात तर बॅटरी का संपवली ते कळणार नाही, आणि पुढचे दोन भाग अधांतरी राहतील.

वेगाबद्दल इतकंच म्हणेन की रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे केळी पिकवायच्या खोलीत, घड ठेवला की आधी साल हिरवीच दिसते, पण आत पिकायला सुरुवात झालेली असते. पिवळं दिसेपर्यंत थांबून मग बघू म्हणणाऱ्याला नुसता रंगच दिसतो.

पांझरादादांशी एका बाबतीत जुळत नाही. खरा बदल जिमीचा नाही, किमचा आहे. जिमी, माइक, गस, हेक्टर कुठे जाऊन पोचतात ते तुम्हाला ठाऊक आहे. किम ब्रेकिंग बॅडमध्ये नाहीच, त्यामुळे तिचं काय होईल ही धास्ती शेवटपर्यंत टिकते. दुसऱ्या सीझनच्या पहिल्या भागात ती हॉटेलच्या बारमध्ये जिमीच्या बनवाबनवीत पहिल्यांदा सामील होते. तेव्हाचा तिचा चेहरा आठवून ठेवा. घट्ट बांधलेली पोनीटेल कधी सैल होते, तेही.

पांझरा_धुळे

किमचं मान्य. पण तिला तो खेळ आवडतो हे जिमीमुळे उघडं पडतं, म्हणून दोघांना एकत्रच बघावं लागतं.

शहादा_पश्चिम

डाउनलोडचं. इंटरनेटवर बघताना मध्यम दर्जाला तासाला साधारण ०.७ जीबी लागतात, सगळ्यात खालच्याला ०.३. खालचा घेऊ नका. चकच्या घरात वीज बंद असते, सगळे प्रसंग कंदिलाच्या उजेडात, आणि कमी दर्जाला काळोखात चौकोनी ठिपके येऊन चेहरे पुसले जातात. रविवारचे दोन भाग शनिवारी रात्री वरच्या दर्जात उतरवून ठेवा, जास्त नको, कारण काही डाउनलोडची मुदत पहिल्यांदा प्ले केल्यापासून ४८ तासांत संपते. टीव्हीवर मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सेटिंग) असेल तर बंद करा. कृष्णधवल प्रसंग आले की रंग गेला समजून सेटिंग हलवू नका. पहिल्या पाचही सीझनची सुरुवात तशीच आहे आणि तो काळ ब्रेकिंग बॅडच्या नंतरचा आहे. म्हणूनच नव्या माणसाला मी कधी प्रीक्वेलपासून सुरू करायला सांगत नाही. आणखी एक, प्रीक्वेलमधला माइक म्हातारा दिसतो ते कलाकाराचं खरं वय. त्यात अर्थ शोधू नका.

तापीकाठ, भुसावळ

सगळ्यांचे आभार. बसमधल्या सह्या आणि जाहिरात आम्ही एकच समजत होतो. आज पहिल्या सीझनचा शेवट पुन्हा लावतो. ब्रेकिंग बॅडमधलं काही मध्येच परत बघावं लागेल का?

पांझरा_धुळे

एकच भाग, दुसऱ्या सीझनचा आठवा, २००९ चा. वाळवंटात बांधलेला सॉल घाबरून दोन नावं घेतो. त्यातला इग्नासिओ म्हणजे तुमचा नाचो, तो तुम्हाला भेटलाय. दुसरा प्रीक्वेलच्या चौथ्या सीझनच्या आठव्या भागात येतो. तो आल्यावरच हा जुना भाग लावा, आधी नको. आणि चालू सीझन संपला की दहाही भागांच्या इंग्रजी नावांची पहिली अक्षरं कागदावर मांडून जुळवून बघा. तिसरा सीझन लावायच्या आधी.