मोती फटाक्यांना घाबरतो, औषध सुचवा (तातडीचे)

रानवारा: फटाका वाजला की आमचा कुत्रा मोती कमोडच्या मागे जाऊन बसतो. धापा टाकतो, लाळ गळते, चिकनलाही तोंड लावत नाही. काल कुणीतरी माळ लावली तर दार ओरबाडून नखातून रक्त काढलं. दिवाळी तोंडावर आहे. कोणती गोळी, किती द्यायची? प्लीज लवकर सांगा.

सह्यकडा: वय? वजन? हे दर वर्षी होतं की यंदाच?

खमंग: आमच्या लॅब्राडोरला मी मुद्दाम गॅलरीत बसवायचो. झाला सरळ. लाड केले की भीती वाढते.

निळीशाई: खमंग, कृपया असं सांगू नका. कोंडून ऐकवलं की कुत्रा धीट होत नाही, नुसता गप्प होतो. जवळ घेतल्याने भीती वाढत नाही. रानवारा, त्याला बाहेर ओढू नका. तिथेच गोधडी आणि पाणी ठेवा, बाहेरचा आवाज दबायला एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा. फिरवून आणायचं ते उजेडी, पट्ट्यावर तुमचा नंबर लिहून. सारखे ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं ही भीतीची सुरुवात असते. तेव्हाच आत न्या.

चिमणचारा: नसबंदी केली आहे का? गोचीडही बघा.

रानवारा: झाली आहे. गोचीड नाहीत. मी औषध विचारलंय! गावठी आहे, ९ वर्षांचा, २२ किलो. गेल्या दिवाळीत गच्चीवर घोरत पडला होता.

खमंग: एसीप्रोमॅझिन द्या, गाढ झोपतो.

निळीशाई: त्याने अंग गळतं, भीती तशीच राहते. बिचाऱ्याला पळताही येत नाही.

मुक्काम_पोस्ट: मुळात फटाकेच बंद करा. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच दिवाळीसाठी रात्री ८ ते १० ची वेळ ठरवली होती. आमच्या सोसायटीत १२ पर्यंत धूर!

खमंग: वर्षातून चार दिवस मुलांनी वाजवायचे नाहीत का?

सह्यकडा: तो वाद वेगळ्या धाग्यावर घ्या. रानवारा, गेल्या वर्षी बिनधास्त होता आणि नवव्या वर्षी अचानक घाबरतो? उठताना, चढताना त्रास होतो का?

रानवारा: गच्चीचा जिना पावसाळ्यापासून सोडलाय. वय झालं ना. त्याचा काय संबंध?

सह्यकडा: फार मोठा. दचकलं की स्नायू आखडतात, दुखऱ्या सांध्यात कळ येते आणि कुत्रा ती कळ आवाजाशी जोडतो. ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात दुखणं असलेल्या कुत्र्यांची आवाजाची भीती उशिरा सुरू झालेली दिसली. आधी कंबर आणि सांधे तपासून घ्या. दुखण्यावर उपचार झाले की भीतीही कमी होऊ शकते. दिवाळीपुरतं भीतीचं औषध, म्हणजे ट्रॅझोडोन किंवा गॅबापेंटिन, द्यायचं का, हेही डॉक्टर त्याच वेळी ठरवतील. एखादा डोस आधी शांत दिवशी देऊन बघायला सांगतील, म्हणून उशीर करू नका.

रानवारा: उद्या सकाळची वेळ मिळाली. आज रात्री घरातली आयब्युप्रोफेन पेनकिलर अर्धी देऊ का?

निळीशाई: अजिबात नको! आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं जातात. आज बाथरूमचं दार उघडं ठेवा आणि तुम्ही बाहेरच बसा. आला तर मांडीवर घ्या.

चिमणचारा: नखाला हळद लावा.

सह्यकडा: चाटेल. साध्या पाण्याने धुवा आणि तेही उद्या दाखवा.