उन्हाळ्याचे दिवस: परसबागेची तोडणी, हातशिलाई आणि प्रार्थनामंडळी यांची सांगड कशी घालावी?

ओंजळ

नमस्कार. आमच्या घरात तीन पिढ्या एकत्र राहतात. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत आणि मुले ११ व ७ वर्षांची आहेत. उन्हाळ्याच्या सुटीतले सहा आठवडे सर्वांनी मिळून काही साधे, हाताने करण्याजोगे करावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. गेल्या वर्षी मी त्यासाठी भिंतीवर वेळापत्रक लावले होते. सकाळी बागकाम, दुपारी हस्तकला, सायंकाळी प्रार्थना असा तो क्रम होता. दुसऱ्या आठवड्यातच मुले कंटाळली, सासूबाई थकल्या आणि मी सतत सूचना देत राहिले. जे आनंदाने व्हायला हवे होते, तेच पार पाडण्याचे काम होऊन बसले.

यंदा परसबागेत टोमॅटो, घेवडा आणि काकडी चांगली आली आहे. सासऱ्यांचे जुने सुती सदरे कपाटात जपून ठेवलेले आहेत आणि त्यांची गोधडी व्हावी, असे सासूबाईंनी दोन-तीनदा बोलून दाखवले आहे. आम्ही दर आठवड्याला ज्या प्रार्थनामंडळीत जातो, तिथेही या सगळ्यातले काही पोहोचावे, असे वाटते. मात्र त्यात देण्याचा दिखावा नसावा. ज्यांनी आपल्या घरी असे काही केले आहे, त्यांनी अनुभव सांगितल्यास मी आभारी राहीन.

परसातला

आपला प्रश्न वाचून बरे वाटले. मी केवळ बागेविषयी लिहितो, कारण मला त्यातलेच थोडेफार कळते.

बागेला तिचे स्वतःचे वेळापत्रक असते, म्हणून आपण आणखी एक तयार करण्याची गरज नसते. घेवड्याच्या शेंगा वेलावर राहून आतले दाणे पक्के होऊ लागले की झाडाचा जोर बी भरण्याकडे जातो आणि नवी फुले कमी होतात. त्याउलट कोवळ्या शेंगा दर दोन-तीन दिवसांनी तोडत राहिल्यास वेल आठवडेच्या आठवडे फुलत राहतो. काकडीचेही तसेच आहे. पानांआड लपलेली एखादी काकडी पिवळी पडेपर्यंत राहून गेली, तर पुढचे फळ धरणे मंदावते. हे कारण मुलांना एकदा नीट समजावून सांगा आणि घेवड्याची जबाबदारी खरोखरच त्यांच्याकडे सोपवा. सोपवल्यानंतर मागून जाऊन उरलेल्या शेंगा आपण तोडू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे, कारण तसे केले की जबाबदारी त्यांची उरत नाही. तोडणी सकाळीच करावी, पण पानांवरचे दव सुकल्यावर; ओल्या वेलांत हात घातल्यास पानांवरचे रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जातात.

टोमॅटोच्या बाबतीत दोन गोष्टी सांगतो. कडक उन्हात, तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर राहू लागले की त्याची फुले फळ न धरताच गळतात. त्या आठवड्यात मुलांना आपले काही चुकले असे वाटू देऊ नका. उकाडा ओसरला की झाड पुन्हा फळ धरते. दुसरे असे की फळावर गुलाबीसर छटा दिसू लागली की ते तोडले तरी घरात पिकते, म्हणून सगळे एकदम लाल होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पिकायचे टोमॅटो फ्रिजमध्ये मात्र ठेवू नयेत, थंडीने त्यांची चव जाते.

बी धरून ठेवणे हे काम माझ्या मते सासूबाईंनी आणि धाकट्याने मिळून करावे. पूर्ण पिकलेल्या टोमॅटोतला गर बियांसकट वाटीत काढून त्यात थोडे पाणी घालावे आणि दोन-तीन दिवस तसाच राहू द्यावा. बियांभोवतीचे बुळबुळीत आवरण उगवणीला अडथळा करते. ते आंबून सुटले की चांगले बी तळाशी बसते. मग ते धुऊन सावलीत वाळवावे. वाण संकरित असेल तर त्या बियांपासून तसेच फळ मिळेल याची खात्री नसते, त्यामुळे हे फक्त सरळ वाणाच्या बाबतीत करावे.

धावदोरा

ओंजळताई, गोधडीविषयी लिहिते. मी स्वतः अशा चार शिवल्या आहेत आणि पहिली गोधडी एका साध्या चुकीमुळे बिघडवली होती. जुने सदरे अनेकदा धुऊन आधीच आटलेले होते, पण अस्तराचे कापड कोरे होते. पहिल्याच धुण्यात अस्तर आटले आणि वरची सगळी शिवण गोळा झाली. तेव्हा अस्तर आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच वापरावे. रंग जाणारे कापडही याच वेळी ओळखता येते.

तुकडे मोजून कापल्यास काम हलके वाटते. तयार चौकोन १० सेंटिमीटरचा हवा असेल, तर चारही बाजूंना पाऊण सेंटिमीटर शिवणीसाठी धरून साडेअकरा सेंटिमीटरचा तुकडा कापावा. लांबीला १५ आणि रुंदीला १२ चौकोन घेतले की १८० तुकडे लागतात आणि गोधडी दीड मीटर लांब, १२० सेंटिमीटर रुंद होते. सहा आठवड्यांत हे विभागले तर आठवड्याला ३० तुकडे येतात. एखाद्या दिवशी कोणाला सुई हातात धरावीशी वाटली नाही, तरी काहीही बिघडत नाही.

सासूबाईंची दृष्टी मंदावली असल्यास मोठ्या नेढ्याची सुई आणि कापडापेक्षा वेगळ्या रंगाचा दोरा घ्यावा. सकाळीच दहा-बारा सुया ओवून ठेवण्याचे काम ११ वर्षांच्या मुलाकडे द्यावे. माझ्या घरी याच कामाने नातवाला आजीच्या शेजारी बसवले. ओवलेली सुई संपली की ती हात पुढे करायची आणि मध्येच तिच्या लहानपणची एखादी आठवण निघायची. मुद्दाम गोष्ट सांगायला बसवले असते, तर ती आठवण निघालीच नसती. धाकट्याने चौकोन जमिनीवर मांडून रंगसंगती ठरवावी, आणि ती मोठ्यांनी बदलू नये. थर एकत्र घेऊन धावदोरा घालताना मधूनच सुरुवात करून कडेकडे जावे. कडेकडून आत आल्यास मध्ये फुगवटा साचतो आणि मग सगळे उसवावे लागते.

पायरी

प्रार्थनामंडळीविषयी आपण जी काळजी व्यक्त केली आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. देणाऱ्याला आनंद व्हावा आणि घेणाऱ्याला अवघडलेपण येऊ नये, हा प्रश्न माणसाला शेती करू लागल्यापासून पडलेला असावा, कारण धर्मपरंपरांनी त्याचा पुष्कळ विचार केलेला दिसतो. बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात अशी आज्ञा आहे की कापणी करताना शेताच्या कडा पूर्ण कापू नयेत आणि मागे पडलेले वेचू नये. ते गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्यावे. यात मला विशेष वाटते ते असे की मालक कोणाच्या हातात काही ठेवत नाही. येणारा स्वतः येतो आणि स्वतःच्या कष्टाने वेचून नेतो. इस्लाममध्ये पिकावरचे देणे ठरवताना कष्टांचा विचार केला आहे: पावसावर आलेल्या पिकाचा दहावा भाग आणि पाणी ओढून वाढवलेल्या पिकाचा विसावा भाग.

आमच्या मंडळीत आम्ही याच विचाराने दाराशी एक टोपली ठेवतो. ज्याच्याकडे जास्त असेल त्याने ठेवावे, ज्याला हवे असेल त्याने घ्यावे. नावे लिहिली जात नाहीत आणि कोणी तिथे उभे राहत नाही. पहिले काही आठवडे लोक फक्त ठेवत होते, घेत कोणीच नव्हते. मग आमच्यातल्या ज्येष्ठ बाईंनी, ज्यांना काही कमी नाही, स्वतः पुढे होऊन दोन काकड्या उचलल्या. त्यानंतर टोपली रिकामी होऊ लागली. आपणही कधीतरी त्या टोपलीतून काही घ्यावे, असे मी आग्रहाने सुचवेन.

ओंजळ

आपण तिघांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल आभार. काल रात्री मी हे सर्व घरात वाचून दाखवले. वेळापत्रक काढून टाकले आहे. घेवडा मुलांचा झाला. धाकट्याने जुन्या कागदांची लहान पाकिटे करायला घेतली आहेत; टोमॅटोचे बी वाळले की ती पाकिटे मंडळीच्या दाराशी ठेवायची, ही कल्पना त्याचीच. आमचा वाण सरळ आहे, त्यामुळे अडचण नाही.

गोधडीपाशी मात्र आम्ही थबकलो आहोत. सासूबाईंनी सगळे सदरे बाहेर काढले, इस्त्री केली, आणि एका निळ्या सदऱ्यावर कात्री ठेवून पुन्हा उचलली. त्याच्या खिशात ते नेहमी चष्मा ठेवत असत. तो सदरा बाजूला ठेवावा की त्यातूनच सुरुवात करावी, हे मला ठरवता येत नाही.

धावदोरा

आधी बाकीचे सदरे कापा. हात सरावला की निळ्याकडे त्या स्वतःच येतील, आणि नाही आल्या तरी १८० तुकडे इतर सदऱ्यांतून निघतात का, ते मोजून पाहा. निळा घ्यायचे ठरलेच, तर खिसा उसवू नका. खिशासकट मोठा चौकोन कापून गोधडीच्या वरच्या बाजूला, छातीपाशी येईल असा लावा, त्याच्या तीन कडांवर दुहेरी टाका घाला आणि तोंड उघडे राहू द्या, म्हणजे मुलांचा हात त्यात जाईल.