मावाशी गेरी मारताना तोल मागे जातो, काय चुकतंय?

प्रश्न
कराटेचा हिरवा पट्टा आहे. कमरेच्या उंचीला मावाशी गेरी, म्हणजे बाजूने गोल फिरवून मारायची लाथ, नीट बसते. छातीच्या वर पाय नेला की टेकलेला पाय डगमगतो, धड मागे कलतं आणि लाथ झाल्यावर पाय धपकन पुढे पडतो. रोज एका पायावर दोन-दोन मिनिटं उभा राहतो, तरी फरक नाही. शिवाय जोडीदाराने मनगट धरून खेचलं की सरळ त्याच्या अंगावर जातो. दोन्हीचं मूळ एकच का?

प्रतिसाद १
लाथेचं मूळ टेकलेल्या पायात आहे. मोबाइलवर बाजूने चित्रण करा आणि त्या पायाची बोटं कुठे वळलीत ते पाहा. ती समोरच राहिली तर खुबा उघडत नाही. मग उंची गाठायला धड मागे जातं आणि गुडघ्याला पीळ बसतो, तो वेगळाच. गुडघा उचलतानाच चवड्यावर फिरा, टाच लक्ष्याच्या बाजूला वळू द्या. टेकलेला गुडघा किंचित वाकलेला हवा. तो ताठ केला की सावरायचा सगळा भार एकट्या घोट्यावर येतो.

भिंतीला एक हात लावून चार मोजणीत करा: गुडघा वर, फिरून खुबा उलटा, पाय सरळ, पाय परत दुमडून. तिसऱ्या मोजणीवर ३ सेकंद थांबा. दोन्ही पायांनी ८-८, आठवड्यातून तीन दिवस. चौथी मोजणी, म्हणजे हिकिआशी, बहुतेक जण खातात आणि पाय पडतो तो तिथेच.

एका पायावर नुसतं उभं राहून स्थिर राहणं जमतं, फिरणं जमत नाही.

प्रतिसाद २
जमीन कसली आहे? रबरी मॅटवर बूट घालून चवडा अडकतो आणि गुडघा पिळतो. फरशीवर मोजे घालून उलटं, पाय निसटतो. अनवाणीच करा.

प्रतिसाद ३
मनगटाचं कारण वेगळं आहे. तुम्ही हाताने मागे ओढता, तेव्हा वजन टाचांवर गेलेलं असतं. समोरच्याने जोर वाढवला की पाय टेकायच्या आत धड पुढे जातं. ज्यूदोत याला कुझुशी म्हणतात, आधी तोल मोडायचा आणि मग फेकायचं. तो खेचतोय त्याच दिशेला स्वतःहून अर्धं पाऊल टाका, गुडघे वाकवा, कोपर बरगडीला चिकटवा. मग त्याच्या अंगठ्याच्या आणि बोटांच्या टोकांमध्ये जी फट असते, तिकडे मनगटाची अरुंद कड वळवा आणि कोपर त्याच्या कोपराकडे नेत हात काढा. पकड तिथेच सुटते, कारण चार बोटांसमोर अंगठा एकटा असतो. दोन्ही हातांनी धरलं असेल तर आपली मूठ दुसऱ्या हाताने वरून पकडून खांद्याकडे उचला.

हात सुटला की थांबू नका, ओरडत निघा आणि ११२ लावा. रस्त्यावर जीन्समध्ये छातीच्या वर लाथ मारायला जाऊ नये. पाय पकडला गेला तर तुम्ही एका पायावर उरता.

प्रश्नकर्ता
आणि पडलोच तर?

प्रतिसाद ३
हात मागे टेकू नका, मनगट मोडतं. हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि पाठ टेकताच दोन्ही हात अंगापासून साधारण ४५ अंशांवर तळव्यांनी आपटा. सुरुवात उकिडवं बसून, मॅटवर, रोज १० वेळा. डोकं मॅटला लागायचं पूर्ण थांबेपर्यंत उभ्याने पडू नका.