मदत हवी आहे: 'पर्यंत', 'पासून', 'आधी', 'अजून' यांना इंग्रजी मेलमध्ये नेमका शब्द कुठला?

शिरोली एमआयडीसीतून कास्टिंग बाहेरदेशी जातं, त्याचे मेल लिहायचे असतात. 'शुक्रवारपर्यंत माल पाठवतो' याला 'बाय फ्रायडे' की 'टिल फ्रायडे'? आणि 'सिन्स थ्री डेज' चूक का? कुणी नीट फोड करून सांगा.

प्रतिसाद:
आधी 'टिल' सोडवा, कारण त्यात मुदतच बदलते. 'वुई विल डिस्पॅच टिल फ्रायडे' म्हणजे शुक्रवारपर्यंत माल धाडत राहू, मग बंद. तुम्हाला 'बाय फ्रायडे' म्हणायचंय.

मराठी वाक्यात 'पर्यंत'च्या पुढं 'सतत' घालून बघा. 'शनिवारपर्यंत सतत भट्टी बंद' जमतं, तिथं 'टिल'. 'शनिवारपर्यंत सतत पैसे भरा' जमत नाही, तिथं 'बाय'.

नकारात मात्र जपून. 'द गुड्स विल नॉट लीव्ह टिल मंडे' वाचून गिऱ्हाईक सोमवारी माल निघणार असंच धरतो. सोमवारचीही खात्री नसेल तर 'मे नॉट लीव्ह बाय मंडे' लिहा.

'पासून'चं सोपं आहे. सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर 'सिन्स मंडे', किती वेळ झाला ते सांगायचं तर 'फॉर थ्री डेज'. खरी चूक क्रियापदात होते. आपण 'ट्रक तीन दिवसांपासून उभा आहे' म्हणतो, म्हणून हात 'इज स्टँडिंग'कडं जातो. तिथं 'हॅज बीन स्टँडिंग' हवं.

धागाकर्ता:
'सतत'ची युक्ती लागू पडली. 'दोन दिवस आधी इनव्हॉइस पाठवलं' आणि 'पेमेंट अजून आलं नाही' कसं लिहू?

प्रतिसाद:
आजपासून मागं मोजत असाल तर 'अ‍ॅगो', आणि सोबत साधा भूतकाळ: 'वुई सेंट द इनव्हॉइस टू डेज अ‍ॅगो'. इथं 'हॅव सेंट' चालत नाही. दुसऱ्या घटनेपासून मागं मोजायचं तर 'बिफोर': 'टू डेज बिफोर द इन्स्पेक्शन'. उलट, आजपासून 'दोन दिवसांनी' पाठवणार असाल तर 'इन टू डेज'. 'विदिन टू डेज' लिहिलंत तर दोन दिवसांच्या आत द्यायचा शब्द दिलात.

'अजून'मध्ये सूर सांभाळा. 'वुई हॅव नॉट रिसीव्ह्ड द पेमेंट यट' ही साधी आठवण. 'वुई स्टिल हॅव नॉट रिसीव्ह्ड इट' यात नाराजी ऐकू येते. पहिल्या मेलला 'यट'च ठेवा, तिसऱ्या मेलला 'स्टिल' वापरा.